जुन्या बेसबॉल कार्डांचा खोका उघडताना: आठवणींचा क्रम न मोडता संग्रह लावण्याची पद्धत

अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या लहानपणीच्या बेसबॉल कार्डांचा (पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे त्याची आकडेवारी असलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांचा) खोका तळघरातून वर आला, की बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. खोका जेवणाच्या टेबलावर उपडा केला जातो, ओळखीच्या दोन-चार नावांचा भाव फोनवर शोधला जातो, भाव फारसा नाही असे कळल्यावर थोडी निराशा होते आणि मग ‘निदान नीट तरी लावू’ म्हणून सगळी कार्डे संघाप्रमाणे किंवा क्रमांकाप्रमाणे लावली जातात. संध्याकाळपर्यंत खोका नीटनेटका होतो. पण दहा वर्षांच्या मुलाने ती कार्डे कोणत्या क्रमाने ठेवली होती, सर्वांत वर कोणाला जागा दिली होती, कोणते तीन खेळाडू एकाच रबर बँडमध्ये बांधले होते आणि का, हे सारे त्या एका संध्याकाळी कायमचे पुसले जाते.

मी स्वतः हेच केले आहे. मुलगा १९९५ मध्ये कॉलेजला गेला, तेव्हा न्यू जर्सीतील आमच्या घरातला त्याचा खोका मी दोन रात्री बसून, मोठ्या हौसेने संघवार लावून ठेवला. सुट्टीत आल्यावर त्याने तो उघडला, थोडा वेळ चाळला आणि शांतपणे म्हणाला, “बाबा, प्रत्येक गठ्ठा एकेका मित्राचा होता. ज्याच्याकडून अदलाबदलीत जी कार्डे मिळाली, ती त्याच्या गठ्ठ्यात.” चौदा गठ्ठ्यांपैकी त्याला नंतर दोनच गठ्ठे आठवून पुन्हा लावता आले. त्यानंतर ओळखीच्या काही कुटुंबांचे खोके त्यांच्यासोबत बसून उघडण्याचा योग आला. आईवडील मोठे घर सोडून लहान घरात जात असतात, मुले पंचेचाळिशीला आलेली असतात, आणि खोक्याचे काय करायचे हा प्रश्न एखाद्या शनिवारी दुपारी घाईघाईत सोडवला जातो. ती घाई टाळता यावी म्हणून ही पद्धत सविस्तर लिहीत आहे. ती मुख्यतः १९८० ते १९९४ या काळातील टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, स्कोर आणि अपर डेक या कंपन्यांच्या कार्डांसाठी आहे, कारण आपल्या घरांतील खोक्यांत प्रामुख्याने हीच कार्डे सापडतात.

कामाचा क्रम एकच आहे आणि तो बदलू नये: आधी पाहणे, मग नोंदवणे, मग विचारणे, मग जपणे आणि भाव सर्वांत शेवटी.

पायरी १: तयारी

सर्वांत महत्त्वाची तयारी वस्तूंची नसून माणसांची आहे. ज्याची कार्डे आहेत ती व्यक्ती समोर असल्याशिवाय खोका उघडू नये. ती दुसऱ्या शहरात राहत असेल, तर व्हिडिओ कॉलवर असावी आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नव्हे, तर खोक्यावर रोखलेला असावा. आईवडिलांपैकी किमान एकाने सोबत बसावे, कारण मुलाच्या आठवणीत जे नसते ते त्यांच्या आठवणीत असते: कार्डांची पाकिटे कोणत्या दुकानातून घेतली जात, त्यावरून कोणते भांडण झाले, कोणते कार्ड शर्टाच्या खिशातून थेट धुण्याच्या यंत्रात गेले. दोन बैठका धराव्यात, प्रत्येकी फार तर दोन तासांच्या. एकाच दिवसात संपवण्याचा हट्ट धरला, की दुसऱ्या तासानंतर ‘हे असेच असेल’ अशी उत्तरे येऊ लागतात.

टेबल कोरडे आणि मोकळे असावे व त्यावर धुतलेली सुती चादर पसरावी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. त्यावर क्रीम किंवा डोक्याला लावलेल्या तेलाचा अंश नसावा. हातमोज्यांची गरज नाही, कारण सुती हातमोज्यांनी कार्डाच्या कडेचा अंदाज येत नाही आणि कोपरे दुमडतात. चहाचे कप दुसऱ्या टेबलावर ठेवावेत. जवळ मऊ शिशाची पेन्सिल, पांढऱ्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या भरपूर चिठ्ठ्या, इंचांची पट्टी, छोटी कात्री, एक वही, फोन आणि तो वरून रोखून धरता येईल असा स्टँड एवढे पुरे. शाईचे पेन टेबलावर आणूच नये.

प्लास्टिकची पाकिटे आणि नवे खोके आधी आणू नयेत. किती कार्डे आहेत हे कळल्यावर ती घ्यावीत. उभ्या चवडीच्या एका इंचात साधारण ५० ते ६० कार्डे बसतात, त्यामुळे पट्टीने मोजून अंदाज काढता येतो.

सावधगिरी: पहिल्या बैठकीत कोणीही फोनवर भाव शोधणार नाही, असे आधीच सर्वांनी ठरवावे. एका कार्डाची किंमत कळली, की उरलेल्या संध्याकाळी प्रत्येक कार्डाकडे किमतीच्याच नजरेने पाहिले जाते आणि ज्याची किंमत नाही त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पायरी २: हात न लावता पाहणे

खोका बंद असतानाच त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बुटांचा खोका असेल तर त्यावरचा मापाचा कागद महत्त्वाचा आहे, कारण त्या मापावरून त्या वर्षीचे मुलाचे वय जुळवता येते. बटर कुकीचा निळा डबा असेल, तर तो त्या घरात कधी आणि कोणाकडून आला होता, हे आईला बहुधा आठवते. झाकणावर मुलाने लिहिलेले नाव, चुकलेले स्पेलिंग, ‘हात लावू नये’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना, धाकट्या बहिणीला दिलेली तंबी हे सारे टिपावे.

झाकण उघडताच वास येतो. तो वास पहिल्या मिनिटातच तीव्र असतो, मग ओसरतो. टॉप्सच्या पाकिटांत १९९१ पर्यंत च्युइंग गमची पातळ पट्टी असे, आणि तिचा गोडसर, पावडरसारखा वास पुठ्ठ्यात बराच काळ राहतो. ज्याचा खोका आहे त्याला आधी वास घेऊ द्यावा आणि त्या क्षणी तो जे बोलेल ते शब्दशः लिहून घ्यावे. माझ्या पाहण्यात एकूण कामातील सर्वांत नेमकी वाक्ये याच मिनिटात आली आहेत, आणि लोक नेमके याच मिनिटात ‘आधी खिडकी उघडा’ म्हणतात.

यानंतर वरून एक छायाचित्र, मग पहिला थर न हलवता दुसऱ्या कोनातून एक. गठ्ठे असतील तर प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी अलगद ठेवून पुन्हा छायाचित्र घ्यावे. चिठ्ठी चिकटवू नये. गठ्ठे नसतील आणि सगळी कार्डे एका रांगेत उभी असतील, तर समोरच्या बाजूकडून दर दोन इंचांवर एक चिठ्ठी सरकवावी आणि त्यांना क्रमांक द्यावेत. पुढे कार्ड कोठून निघाले हे त्यावरून सांगता येईल.

कार्डांखेरीज जे सापडेल ते कचरा समजू नये. मेण लावलेली वेष्टने, दुकानाची पावती, बसचा पास, शाळेच्या वहीचे फाडलेले पान, अदलाबदलीची यादी या वस्तू कार्डांपेक्षा अधिक सांगतात. वेष्टनावर पाकिटाची किंमत छापलेली असते, तीही नोंदवावी. डॉनरसच्या पाकिटांत गमऐवजी जिगसॉ कोड्याचे तुकडे येत. एखाद्या नामांकित खेळाडूचे पूर्ण चित्र ६३ तुकड्यांचे असे. १९८६ मध्ये ते हँक ॲरनचे होते, १९८७ मध्ये रॉबर्टो क्लेमेंटेचे आणि १९८८ मध्ये स्टॅन म्युझियलचे. हे सुटे तुकडे ‘काहीतरी फाटलेले’ म्हणून टाकून दिल्याचे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. किती तुकडे जमले होते आणि कोणत्या बाजूचे जमले नव्हते, हे विचारले तर तो संपूर्ण उन्हाळा उलगडतो.

सावधगिरी: हिरवट-काळी बुरशी किंवा ओलसर कुबट वास जाणवला, तर काम तिथेच थांबवावे. तो खोका घराबाहेर, सावलीत आणि कोरड्या जागी न्यावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि बुरशी लागलेली कार्डे बाकीच्यांपासून वेगळी ठेवावीत. ब्रशने झाडू नये; त्याने बुरशी पसरते.

पायरी ३: गठ्ठे सोडवणे

जुना रबर बँड ओढून काढायचा नाही. तो एकतर तुटून कार्डाच्या कडेवर आपटतो किंवा वितळून चिकटलेला असल्यास वरच्या कार्डाची छपाई सोबत घेऊन येतो. चिकटलेला नसेल तिथे कात्रीने कापावा आणि सुटा होईल तेवढाच उचलावा. पुठ्ठ्यावर उरलेला चिकट भाग तसाच राहू द्यावा. रबर बँडमुळे कडेला पडलेली खाच संग्राहकाच्या दृष्टीने दोष असते, पण हा गठ्ठा बांधून ठेवला होता, याचा तो एकमेव पुरावाही असतो.

गठ्ठा सुटताच त्याचे वर-खाली बदलू नये. वरचे कार्ड क्रमांक १ धरून खालपर्यंत मोजावे, आणि गठ्ठ्याचा क्रमांक व कार्डांची संख्या वहीत लिहावी. एका वेळी एकच गठ्ठा टेबलावर असावा, दुसरा चादरीच्या बाहेर.

चकचकीत कार्डे एकमेकांना चिकटून वीट झालेली आढळतात. १९९१ च्या टॉप्स स्टेडियम क्लबची कार्डे यासाठी प्रसिद्ध आहेत. अशी वीट दोन्ही हातांत धरून अगदी किंचित वाकवून पाहावी. कडेला सुटण्याचा बारीक आवाज आला, तर हळूहळू पुढे जावे, न आल्यास सोडून द्यावे. सुरी, वाफ, केस वाळवण्याचे यंत्र किंवा पाणी वापरू नये. न सुटलेली वीट ‘गठ्ठा ६, अंदाजे ११ कार्डे, चिकटलेली’ अशी नोंदवून तशीच ठेवावी.

त्या काळातील चिकट पानांच्या फोटो अल्बममध्ये कार्डे लावली असतील, तर ती सोलून काढू नयेत. मेण न लावलेला, वासरहित दंतधागा कार्डामागून करवतीसारखा अलगद सरकवल्यास पुष्कळदा कार्ड सुटते. जिथे अडेल तिथे थांबावे आणि पानच कापून वेगळे ठेवावे.

पडताळणी: प्रत्येक गठ्ठा संपल्यावर कार्डे पुन्हा मोजावीत. वहीतील आकडा आणि हातातील आकडा जुळला नाही, तर पुढचा गठ्ठा उघडू नये. हरवलेले कार्ड बहुधा चादरीच्या घडीत किंवा दुसऱ्या चकचकीत कार्डाला चिकटलेले असते.

पायरी ४: कार्डाचे साल ठरवणे

इथे फार खोलात जाण्याची गरज नाही. कंपनी, साल, क्रमांक आणि खेळाडू एवढे कळले की पुरे. पण साल बरोबर हवे, कारण साल कळले की मुलाची इयत्ता कळते, इयत्ता कळली की शिक्षक, शेजार आणि घर कळते.

साल ठरवताना सर्रास होणारी चूक म्हणजे मागच्या बाजूवरील आकडेवारीचे शेवटचे वर्ष हेच कार्डाचे वर्ष मानणे. कार्ड हंगामाच्या सुरुवातीला बाजारात येई, म्हणून त्यावर आदल्या हंगामापर्यंतची आकडेवारी असे. शेवटची ओळ १९८६ ची असेल, तर कार्ड बहुतेक वेळा १९८७ चे असते. कडेला बारीक अक्षरांत छापलेले स्वामित्वहक्काचे सालही पाहावे. शिवाय कार्डांची ठेवण ओळखता येते: १९८७ च्या टॉप्सला लाकडी फळीसारखी चौकट आहे, १९९० च्या डॉनरसला लाल, १९९१ च्या फ्लीअरला पिवळी, आणि अपर डेकने १९८९ मध्ये पहिला संच काढला तेव्हापासून त्यांच्या कार्डांमागे छोटा होलोग्राम असतो.

हे साल आठवण तपासण्यासाठीही उपयोगी पडते. एका घरात मुलगा ठामपणे सांगत होता, की २७ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री न्यू यॉर्कच्या मेट्स संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचे अजिंक्यपद, जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी हे कार्ड घेऊन दिले. कार्डाला लाकडी चौकट होती. म्हणजे ते १९८७ च्या संचाचे होते आणि त्या ऑक्टोबरमध्ये ते दुकानात असणे शक्य नव्हते. अशा वेळी सांगणाऱ्याला तिथेच अडवू नये. सामना वडिलांसोबत पाहिल्याची आठवण खरी असू शकते, कार्डाची आठवणही खरी असू शकते, फक्त त्या दोन दिवसांच्या मधले महिने गळून गेलेले असतात. नोंद त्याच्या शब्दांतच ठेवावी आणि समासात पेन्सिलीने कार्डाचे साल लिहावे.

या पायरीच्या शेवटी वहीत एका पानावर सालवार तक्ता करावा: साल, मुलाची इयत्ता, कोणत्या घरात राहत होतो, त्या सालाची कार्डे किती. कार्डांची संख्या कोणत्या वर्षी एकदम वाढली आणि कोणत्या वर्षी थांबली, हे त्यावरून दिसते. थांबण्याच्या वर्षाबद्दल अवश्य विचारावे. कधी घर बदललेले असते, कधी मित्र गेलेला असतो. १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंचा संप सुरू होऊन त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, तेव्हाही अनेक मुलांचा या छंदातला जीव उडाला होता.

पायरी ५: आठवणी विचारणे आणि टिपणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. फोनवरील ध्वनिमुद्रण सुरू करावे, फोन विमानाच्या स्थितीत ठेवावा म्हणजे मध्येच कॉल येणार नाही, आणि तो थेट टेबलावर न ठेवता घडी केलेल्या रुमालावर ठेवावा. नाहीतर कार्ड आपटल्याचा प्रत्येक आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. सुरुवातीला तारीख, जागा आणि उपस्थितांची नाती बोलून नोंदवावीत.

एका वेळी एकच कार्ड हातात द्यावे. ‘हे आठवतंय का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. ‘हे कुठून आलं?’, ‘याच्या बदल्यात काय दिलंस?’, ‘हा कोपरा कसा दुमडला?’, ‘हे सगळ्यांत वर का होतं?’ असे विचारावे. प्रश्न विचारल्यावर गप्प बसावे. आपल्याकडे शांतता फार काळ सहन होत नाही आणि आई किंवा वडील मुलाच्या वतीने उत्तर देऊन मोकळे होतात. दहा सेकंद थांबले, तर बहुधा मुलगाच बोलतो आणि त्याचे उत्तर वेगळे असते.

झिजलेल्या जागा नीट पाहाव्यात. एका कडेला चिमट्याचा ठसा आणि समोरच्या कडेला फाटलेले तंतू दिसले, तर ते कार्ड सायकलच्या आऱ्यांत फडफडण्यासाठी लावलेले असण्याची शक्यता मोठी आहे. चारही कोपरे सारखेच गोल झाले असतील, तर ते भिंतीकडे कार्डे भिरकावण्याच्या खेळातले असू शकते. मधोमध उभी घडी म्हणजे पाठीमागचा खिसा. खेळाडूला काढलेल्या मिशा, पेनाने गिरवलेली सही, संघ बदलल्यावर जुन्या संघाचे नाव खोडून लिहिलेले नवे नाव, यांतील प्रत्येक खुणेवर एक प्रश्न विचारता येतो. ज्या यादीच्या कार्डांवर मिळालेल्या क्रमांकांपुढे चौकटीत खूण करायची असे, ती तर अवश्य वाचावीत. कोणत्या क्रमांकांपुढे खूण नाही हे विचारले की हुकलेल्या अदलाबदली आठवतात.

मागची बाजू वडिलांसाठी आहे. क्रिकेटवर वाढलेल्या आमच्यासारख्या अनेकांनी हा खेळ मुलाच्या कार्डांच्या पाठीवरून शिकला. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावापुढचा ई.आर.ए. म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्यामुळे गेलेल्या धावांची सरासरी, आणि गोलंदाजाच्या सरासरीसारखीच ती जितकी कमी तितकी चांगली, हे मला माझ्या आठ वर्षांच्या मुलाने ड्वाइट गुडनचे कार्ड उलटे धरून समजावले होते. १९८५ च्या हंगामात गुडनची ही सरासरी १.५३ होती, २४ विजय आणि ४ पराभव; ते आकडे मी आजही न पाहता सांगू शकतो. खेळाडूच्या चेहऱ्यापेक्षा मागच्या आकड्यांपाशी वडील अधिक बोलतात, म्हणून कार्ड उलटे करून त्यांच्याकडेही द्यावे.

भाषेबद्दल एक सूचना. मुले इंग्रजीत बोलतील, आईवडील मराठीत. मध्येच दोन्ही मिसळतील. ध्वनिमुद्रण चालू असताना कोणालाही भाषा बदलायला सांगू नये आणि लिहून घेताना सगळे एका भाषेत आणू नये. ‘बाबांनी पाकीट आणलं’ आणि ‘डॅडने पॅक घेतलं’ ही दोन वेगवेगळ्या वयांची वाक्ये आहेत.

नोंद कशी असावी, याचा नमुना: ‘गठ्ठा ४, वरून दुसरे. टॉप्स १९८५, क्रमांक ६२०, ड्वाइट गुडन, मेट्स. खालचा डावा कोपरा दुमडलेला. मागे पेन्सिलीने एक इंग्रजी अक्षर. मुलाची आठवण: शेजारच्या मुलाकडून यँकी संघाची तीन कार्डे देऊन घेतले, त्याच्या आईने नंतर परत मागितले, मी दिले नाही. आईची आठवण: परत दिले होते, मग त्याने वाढदिवसाला भेट म्हणून पुन्हा दिले.’ दोन आठवणी जुळत नसतील, तर दोन्ही लिहाव्यात. कोणती खरी याचा निवाडा त्या दिवशी करू नये. प्रत्येक नोंदीपुढे ‘स्वतःची’, ‘ऐकीव’ किंवा ‘अंदाज’ असा एक शब्द लिहिला, तर वीस वर्षांनी वाचणाऱ्याला ती किती भरवशाची आहे हे कळेल.

सावधगिरी: प्रत्येक कार्डाला आठवण असतेच असे नाही. आठशे कार्डांच्या खोक्यात चाळीस-पन्नास बोलकी कार्डे निघाली, तर तो भरलेला खोका समजावा. बाकीच्यांवर ओढूनताणून काही वदवून घेऊ नये. माणूस सभ्यपणे काहीतरी रचून सांगतो आणि तेच पुढे खरे ठरते.

पायरी ६: प्रतिमा घेणे

बोलक्या कार्डांच्या दोन्ही बाजू सपाट काचेच्या स्कॅनरवर, ६०० डीपीआयने घ्याव्यात. कागद आपोआप आत ओढणारा स्कॅनर वापरू नये, त्याच्या रुळांनी चकचकीत पृष्ठभागावर ओरखडे येतात. बाकीच्या कार्डांची नऊ-नऊच्या ओळींत फोनवरून छायाचित्रे घेतली तरी चालते. फाइलच्या नावात गठ्ठ्याचा क्रमांक, कार्डाचे स्थान आणि बाजू एवढे असावे. खेळाडूचे नाव वहीत आहेच. मूळ प्रत टिफमध्ये, वाटण्यासाठीची जेपेगमध्ये, आणि ध्वनिमुद्रणासह सर्व काही तीन ठिकाणी ठेवावे, त्यांपैकी एक घराबाहेर.

पायरी ७: जपणूक

प्रत्येक बोलके कार्ड पातळ, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आणि मग कडक पाकिटात ठेवावे. कडक पाकिटात उघडे कार्ड सरकवल्यास कडा घासतात. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे असावे. ऐंशीच्या दशकातील जाड, तीव्र वासाची, हाताला चिकट लागणारी पाने पीव्हीसीची असतात. त्यांतील कार्डे आधी बाहेर काढावीत, कारण तो चिकटपणा छपाईत उतरतो. बाकीची कार्डे पुठ्ठ्याच्या ८०० कार्डांच्या खोक्यात उभी ठेवावीत, मूळ गठ्ठ्यांच्या क्रमाने, आणि गठ्ठ्यांमध्ये क्रमांक घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवावेत. आता रबर बँड नको.

आपल्या घरांतील काही चांगल्या सवयी इथे नुकसान करतात. कसर लागू नये म्हणून खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफांनी प्लास्टिक मऊ पडू शकते आणि गमचा तो वास कायमचा जातो. कडुनिंबाचा पाला ओल धरतो. वर्षातून एकदा ऊन दाखवणे गोधड्यांसाठी योग्य आहे, कार्डांचा रंग मात्र उन्हाने उडतो आणि पुठ्ठा वाकतो. कागदपत्रांप्रमाणे कार्डांचे लॅमिनेशन करू नये, फाटलेले कार्ड पारदर्शक चिकटपट्टीने जोडू नये, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेले नाव खोडरबराने पुसू नये. गमचा किंवा मेणाचा डागही तसाच राहू द्यावा.

खोका तळघरात, पोटमाळ्यावर किंवा गॅरेजमध्ये परत नेऊ नये. घराच्या आतल्या बाजूच्या कपाटात, जमिनीपासून वर, जिथे तापमान फारसे बदलत नाही आणि आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहते, अशी जागा निवडावी. काही कुटुंबे निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईकडे परत जातात. तिथल्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा खोका घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. प्रवासात तो हातातील सामानात न्यावा. भिंतीवर लावायचे असेल, तर स्कॅनची प्रत चौकटीत लावावी.

पायरी ८: भाव पाहणे

आता फोन उघडायला हरकत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत कार्डे एवढ्या प्रचंड संख्येने छापली गेली, की त्यांतील बहुतेकांना आज किरकोळ किंमत मिळते. १९८९ च्या अपर डेकचे पहिल्या क्रमांकाचे केन ग्रिफी ज्युनियर किंवा १९९० च्या टॉप्सचे, पुढच्या बाजूला नाव छापायचे राहून गेलेले फ्रँक थॉमस, असे अपवाद आहेत. विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये, प्रत्यक्ष विक्री झालेली पाहावी. पीएसए, एसजीसी किंवा बेकेट या कार्डांची अवस्था तपासणाऱ्या कंपन्यांकडून १ ते १० अशी श्रेणी घेण्याचा खर्च सामान्य कार्डाच्या किमतीहून जास्त होतो, आणि श्रेणीसह प्लास्टिकच्या कवचात बंद झालेले कार्ड पुन्हा हाताला लागत नाही, याचाही विचार करावा. कडा कापलेले किंवा पुसून ‘स्वच्छ’ केलेले कार्ड बदल केलेले मानले जाते.

पडताळणी: १९५२ चे टॉप्स वाटणारे कार्ड सापडले, तर आधी पट्टी लावावी. खरे कार्ड २.६२५ इंच रुंद आणि ३.७५ इंच उंच असते. ते अडीच बाय साडेतीन इंचांचे भरले, तर ते १९८३ मध्ये टॉप्सनेच काढलेल्या पुनर्मुद्रणातले किंवा त्यानंतरचे असणार.

पायरी ९: वाटणी, आणि आधीच विस्कटलेला खोका

भावंडांत वाटणी करायची असेल, तर गठ्ठे फोडू नयेत. अख्खा गठ्ठा एकाकडे जावा आणि वहीची व ध्वनिमुद्रणाची प्रत सर्वांकडे असावी. एखादे कार्ड बाहेर काढलेच, तर त्याच्या जागी त्याच मापाचा पुठ्ठा घालून त्यावर कोणते कार्ड, कोणी, कधी आणि कशासाठी नेले हे पेन्सिलीने लिहावे.

क्रम आधीच मोडला गेला असेल, तर तो अंदाजाने पुन्हा जुळवू नये. जे निश्चित आठवते तेवढेच मागे न्यावे आणि बाकीचे जसे आहे तसे ठेवून तसे स्पष्ट लिहावे. आमच्या खोक्यात पहिले दोन गठ्ठे मुलाने लावलेले आहेत. त्यांच्यामागे एक जाड पुठ्ठा आहे आणि त्यावर माझ्या अक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘इथून पुढचा क्रम मूळचा नाही. १९९५ मध्ये बाबांनी बदलला.’